रविवारचा चौथा नेमबाज

चिंच आणि मीठ लावून रिव्हॉल्वर घासायची नसते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांनाही नव्हतं, पण सल्ला मात्र त्यांनी दिला.

रिव्हॉल्वर माझी नव्हे, शरयूची. शरयू म्हणजे माझी बायको. ती मार्चमध्ये गेली. इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या इतर बायका रविवारी सकाळी योगाला नाहीतर भिशीला जायच्या. शरयू शेजारच्या डोरोथीबरोबर नेमबाजीला जायची. नागपूरला कॉलेजात ती एन.सी.सी.त होती. पुढे लग्न, मुलगा नकुल आणि नोकरी यांत ते मागे पडलं. मग इथे शेजार मिळाला तो डोरोथीचा. डोरोथी सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि बोलायला लागली की मी तिच्या खांद्याला लागतो. तिच्या नवऱ्याची एक जुनी रिव्हॉल्वर तिने रीतसर कागद करून शरयूला दिली. शरयू ती घेऊन जायची, दुपारी परत यायची, हात धुवायची आणि वरणाला फोडणी द्यायची. मी कधी बरोबर गेलो नाही. मला आवाज सोसत नाही. दिवाळीतसुद्धा मी कानात कापूस घालून करंज्या खायचो.

जुलैमध्ये डोरोथी केळ्याचा केक घेऊन आली. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं म्हणतात, पण डोरोथीचं बोलणं मला पहिल्यापासून 'तू'च ऐकू येतं.

"टिम," ती म्हणाली. माझं नाव त्र्यंबक. तिला ते झेपत नाही. "शरयूची जागा जाणार."

"कुठली जागा?"

तिने समजावून सांगितलं. क्लबात रविवारची सकाळ जुन्या रिव्हॉल्वरवाल्यांसाठी राखीव असते, पण गट चौघांचा हवा. चौघांनी ऑक्टोबरच्या चाचणीला आपापली जुनी रिव्हॉल्वर घेऊन उभं राहायचं आणि सगळ्या गोळ्या नीट, कुणाला इजा न करता झाडून दाखवायच्या. आता तिघंच उरले होते. ऑक्टोबरला चौथा नसला तर सकाळ जाणार, आणि ती घ्यायला नवी पिस्तुलं घेतलेली तरुण मंडळी टपून बसलेली.

"मग दुसरं कुणीतरी बघ ना," मी म्हणालो.

"दुसरं कुणी आलं तर ती दुसऱ्याची जागा होईल. तू आलास तर शरयूचीच राहील."

मी केक खात होतो. घरातून तिच्या बऱ्याच गोष्टी तोवर गेल्या होत्या. साड्या तिच्या बहिणीने, रत्नाने, नेल्या. गाडी नकुलने विकली. उरलेली औषधं मी परत करून आलो. आणखी एक गोष्ट शिल्लक आहे हे त्या दिवशी कळलं, आणि तीही जाणार आहे हे त्याच वाक्यात कळलं. मी हो म्हणालो. तोंडात केक होता म्हणून आवाज नीट आला नाही, तर डोरोथीने दोनदा वदवून घेतलं.

रिव्हॉल्वर कपाटातल्या कुलपाच्या पेटीत होती. काढून पाहिली तर शरयूच्या आजारपणात वर्षभर कुणी हात न लावल्याने गंज चढलेला, मुठीचं लाकूड तडकलेलं, आणि गोळ्यांचं फिरतं चक्र जुन्या पंख्यासारखं डुगडुगत होतं. मी आयुष्यभर एका औषध कंपनीच्या गोदामात खोकी तपासली. खोकं दबलेलं आहे की नाही ते मला लांबून कळतं. बाकी यंत्राशी माझा संबंध मिक्सरपर्यंत.

मी रत्नाला फोन केला. ती एडिसनला राहते.

"भावोजी, गंज ना? चिंच-मीठ लावा. आईची समई आठवते का? आरशासारखी व्हायची."

"पण हे लोखंड आहे."

"मग जास्त लावा."

मी पॅकेटभर चिंच भिजवली. तीन-चार दिवस बसून, तारेच्या काथ्याने, घोड्यापासून नळीच्या टोकापर्यंत घासून काढली. गंज गेला. त्याच्याबरोबर निळसर-काळा रंगही गेला. तो रंग मला मळ वाटला होता. रिव्हॉल्वर रुखवतात मांडायच्या चांदीच्या गुलाबदाणीसारखी चकाकायला लागली. मला फार अभिमान वाटला. मग रत्नाच्याच सांगण्यावरून मी तिला आतून-बाहेरून खोबरेल चोपडलं आणि तळघरात ठेवून दिली. तळघरात एसी जोरात चालतो. सकाळी बघतो तर खोबरेल थिजलं होतं. चक्र फिरेना, चाप हलेना. मी ती मायक्रोवेव्हमध्ये ठेवणार होतो. तेवढ्यात शेजारचा यतीन आला आणि माझा, त्याचा आणि सबंध गल्लीचा जीव वाचला.

यतीन हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. मुलगा चांगला आहे. दोष एवढाच की त्याला सगळं माहीत असतं, आणि नसलं तर तो समोर उभा राहूनच फोनवर शोधतो.

"काका, तुम्ही हे गन्स्मिथकडे न्या, यार. आणि एक लक्षात ठेवा, गाडीतून नेताना पेटीला लॉक, पेटी डिकीत, आणि रस्त्यात कुठेही थांबायचं नाही. कॉफीला पण नाही. मी वाचलंय."

"आणि लघवीला?"

"काका, ते लिहिलेलं नव्हतं. रिस्क घेऊ नका."

रिस्क घेतली नाही. माझं वय अडुसष्ट, आणि बंदूक दुरुस्त करणारा राहतो लांब डोंगरात. तिथे पोचलो तेव्हा मी नमस्कार-चमत्कार न करता थेट त्याच्या संडासात गेलो, आणि पेटी हातातच होती. आतून बाहेर आलो तर तो काउंटरच्या मागे वाकून बसला होता. पेटी घेऊन कुणीतरी धावत आत शिरलं की माणूस तसा बसणारच.

त्याचं नाव अर्ल. धिप्पाड, दाढीवाला, हातावर गरुड गोंदवलेला. मी पेटी उघडली. अर्ल बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, आणि परत काढला.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"कशाने?"

चिंचेला मला इंग्रजी शब्द ऐन वेळी आठवेना. "आमच्याकडे आमटीत घालतात ते," मी म्हणालो.

अर्लचे डोळे खरोखर भरून आले. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाला, तो मूळ रंग होता, कारखान्यातला, इतकी वर्षं टिकलेला, आता तो कधीच परत येणार नाही. शरयू गेली तेव्हा माझ्याकडे बरेच लोक भेटायला आले होते. कुणी हवापाण्याचं बोललं, कुणी विम्याचं विचारलं. पण इतकं मनापासून सांत्वन माझं कुणी केलं नव्हतं, आणि तेही रिव्हॉल्वरच्या रंगाबद्दल. मी त्याला म्हणालो, "जे झालं ते झालं. चालेल का ते सांगा." तो म्हणाला, चालेल, चक्र नळीच्या रेषेत आणून बसवावं लागेल, आतले झिजलेले भाग बदलावे लागतील, मूठ नवी घालावी लागेल. पण तिच्याकडे बघताना मन घट्ट करावं लागेल. मी म्हटलं, तेवढा सराव झाला आहे.

रिव्हॉल्वर अर्लकडे ठेवून मी पोलिसांकडे गेलो, कारण बंदुकीचं कार्ड लागतं. म्हणजे गंमत अशी, की बायकोची म्हणून बंदूक माझ्याकडे आली त्याला कुणाची हरकत नव्हती, पण गोळ्या कार्डाशिवाय मिळेनात. शेगडी आली आणि गॅसचं कनेक्शन नाही, असा प्रकार.

खिडकीतला अधिकारी सभ्य होता. बोटांचे ठसे घ्यायला त्याने माझा हात काचेवर दाबला आणि पडद्याकडे बघत राहिला. मग दुसरा हात. मग अंगठे.

"सर, तुम्हाला ठसे नाहीत."

"असं कसं? जन्मापासून आहेत."

"आता नाहीत."

चिंच, मीठ आणि तारेचा काथ्या. रिव्हॉल्वरबरोबर मी स्वतःलाही घासून काढलं होतं. बंदुकीचं कार्ड मागायला आलेल्या माणसाने ठसे घालवलेले असले तर पोलिसाच्या मनात काय येत असेल याची मला तेव्हा कल्पना आली नाही. मी उलट त्याला अभिमानाने सांगितलं, "मी ते घासून काढले. म्हणजे रिव्हॉल्वर साफ करताना." तो आत जाऊन आणखी एकाला घेऊन आला. दोघांनी माझ्या बोटांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी बोटांना क्रीम लावा, कातडी येऊ द्या आणि महिन्याने या, असं सांगून त्यांनी मला सोडलं. सप्टेंबरभर मी हातमोजे घालून भांडी घासली.

शिवाय ओळखीच्या दोघांची नावं द्यायची होती. पोलीस त्यांना विचारणार, हा माणूस कसा आहे. एक डोरोथी झाली. दुसरा म्हणून यतीनला विचारलं तर तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"काका, तुमच्यासाठी किडनी देतो. पण माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. गनच्या पेपरवर माझं नाव गेलं तर सात वर्षांची लाइन गेली ना, यार!"

मग मी महाराष्ट्र मंडळाच्या राजीवला गाठलं. राजीव मंडळाचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "मी एकटा कसं देणार? कार्यकारिणीपुढे ठेवतो." त्याने खरंच ठेवलं. गणपतीच्या हिशेबानंतर आणि कोजागिरीच्या दुधाच्या आधी, माझ्या चारित्र्याचा विषय निघाला. एकाने विचारलं, गेल्या वर्षी बटाटेवड्याच्या रांगेत आरडाओरडा केला तो हाच का? तो मीच. रांगेत घुसणारा विचारणाराच होता. शेवटी ठराव झाला: 'श्री. त्र्यंबकराव हे सज्जन गृहस्थ असून त्यांच्या हातून आजवर काही घडल्याचे मंडळाच्या ऐकिवात नाही.' राजीवने त्याचं इंग्रजी केलं आणि मंडळाच्या शिक्क्यासह पोलिसांना पाठवलं. 'आजवर' या शब्दावर पोलिसांनी मला पुन्हा बोलावलं.

मंडळात विषय निघाला म्हणजे सगळ्या न्यू जर्सीत निघाला. नुकतीच बायको गेलेला, एकटा राहणारा म्हातारा बंदूक दुरुस्त करून घेतोय, एवढंच लोकांच्या कानावर गेलं, आणि त्यातून त्यांनी काढायचा तो अर्थ काढला. मला कुणी काही बोललं नाही. फक्त डबे यायला लागले. सकाळी यतीनची बायको निधी उपमा घेऊन, दुपारी कुणीतरी पुरणपोळी, संध्याकाळी कुणी मुगाची खिचडी. डबा द्यायचा, आत डोकावायचं, मी जिवंत आहे असं बघायचं आणि "डबा घाई नाही हं काका" म्हणून जायचं. मला वाटलं, शरयूची आठवण म्हणून करतात. पॅन्टचं बटण लागेना तेव्हा मी निधीला म्हणालो, "अगं, पुरे आता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, असं नका ना म्हणू! अजून खूप आयुष्य आहे!"

मग क्युपर्टिनोहून नकुलचा फोन. "बाबा, आर यू ओके?"

"वजन वाढलंय."

"बाबा, आय'म सीरियस. व्हाय डू यू नीड अ गन?"

"आईची रविवारची जागा आहे."

"यू हेट लाउड नॉइझेस," तो म्हणाला.

"कापूस घालीन."

तो हसला की काय ते कळलं नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग म्हणाला, "ओके. बट कॉल मी आफ्टर."

ऑक्टोबरात बोटांना रेषा आल्या, कार्ड आलं, आणि अर्लने रिव्हॉल्वर परत दिली. चक्र आता खटकन जागेवर बसत होतं. अर्लने ती देताना तोंड दुसरीकडे केलं होतं. चाचणी रविवारी होती. आदल्या दिवशी शनिवारी रत्ना बॅग घेऊन आली.

"उद्या दसरा, आज खंडेनवमी," ती म्हणाली. "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही?"

मी म्हटलं, "कर, पण लांबून कर."

हे सांगून मी दाढी करायला गेलो, ही चूक. बाहेर येऊन पाहतो तर पाटावर लाल कापड, त्यावर विळी, स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, यतीनने आणून दिलेला लॅपटॉप, आणि मधोमध रिव्हॉल्वर. लॅपटॉपला गंधाचं एक बोट. विळीला एक. बाकी सगळी पूजा रिव्हॉल्वरची. हळद-कुंकू ओलं करून पाच बोटं ओढलेली, चंदन, झेंडू, आणि अक्षता अशा मूठमूठ टाकलेल्या की चक्राची भोकं दिसेनात. एक झेंडूचं फूल नळीच्या तोंडात देठाने खोचून उभं केलं होतं.

"रत्ना! उद्या चाचणी आहे! नळीत काही अडकलं तर ती फुटते!"

"मग पुसा की."

मी पुढे झालो. तिने माझा हात धरला. "आता नाही हं! पूजा झालेल्या शस्त्राला उद्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नसतो. ताई कधी लावायची नाही."

शरयूचं नाव काढल्यावर मी ऐकतो, हे रत्नाला पक्कं माहीत आहे. रिव्हॉल्वर रात्रभर पाटावर बसली आणि मी तिच्यासमोर खुर्चीत.

सकाळी उत्तरपूजा झाली तोवर उशीर झाला होता. भोकांतल्या अक्षता मी पाटावर उलट्या केल्या, फूल काढलं, फडकं फिरवलं आणि रिव्हॉल्वर पेटीत घातली. निघणार, तर रत्ना निरांजन घेऊन दारात. सीमोल्लंघनाला निघालेल्याला ओवाळल्याशिवाय सोडायचं नसतं म्हणे. तिने मला कपाळभर कुंकू लावलं, ओवाळलं आणि गाडीत शेजारी येऊन बसली. वाटेत तिला देशी दुकानात पेढे घ्यायचे होते. मी थांबलो नाही. "ताई थांबायची," ती म्हणाली. मी तरीही थांबलो नाही. यतीनने वाचलं होतं.

क्लबात डोरोथी वाट बघत होती. मला पाहून ओरडली, "टिम! डोक्यातून रक्त येतंय!" मी सांगेपर्यंत तिने प्रथमोपचाराच्या पेटीतून बँडेज काढलं होतं. रत्ना तोवर तिथे जमलेल्या सगळ्यांना अंगणातल्या झाडाची, आपट्यासारखी दिसणारी पानं वाटत "गोल्ड, गोल्ड" म्हणत फिरत होती. लोक पान उलटसुलट करून बघत होते आणि थँक यू म्हणत होते.

भिंतीवर एक फळा होता. त्यावर रविवारच्या गटाची चार नावं खडूने लिहिली होती. तिसरं शरयूचं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

चाचणी घेणारा अधिकारी तरुण होता आणि तोंडावरची माशी हलत नव्हती. त्याने माझी रिव्हॉल्वर दिव्याखाली धरली, चक्र उघडलं, आत डोकावलं आणि थांबला. चिमट्याने काहीतरी पिवळं काढलं.

"सर, हा तांदूळ आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

"हत्यारात तांदूळ कशाला?"

आता याला खंडेनवमी कुठून सांगायची? कार्ड झालं, ठसे झाले, ठराव झाला, आणि एका दाण्यापायी जागा जाणार. तेवढ्यात डोरोथी पुढे झाली आणि पर्समधून टूथपिक काढली.

"दे इकडे," ती त्याला म्हणाली. "तू नवीन आहेस. ऑक्टोबरात हिच्यात तांदूळ असतोच. दर वर्षी मी आणि शरयू इथे बसून काढतो."

ती टेबलाशी बसली आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक दाणा काढायला लागली. कुंकू कुठल्या फटीत जातं तेही तिला ठाऊक होतं. मी समोर बसलो. रत्ना गप्प बसली, ही त्या दिवशीची सर्वांत मोठी घटना. मग डोरोथीने नळीतून कापड ओढलं, प्रकाशाकडे धरून आरपार पाहिलं आणि रिव्हॉल्वर अधिकाऱ्याला दिली. त्यानेही पाहिलं आणि मान डोलावली.

चौघं रांगेत उभे राहिलो. मी आधी कापूस घातला आणि त्यावर क्लबची आवाज अडवणारी कानझाकणं. शिट्टी झाली. पहिल्या गोळीला माझे दोन्ही डोळे मिटले. दुसरीलाही. पुढचं मी डोळे मिटूनच केलं असेल, पण नळी समोर होती, बोट सांगितल्या वेळीच चापावर गेलं, आणि गोळ्या संपल्यावर मी चक्र उघडून, हात काढून उभा राहिलो, जसं डोरोथीने तिच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पिस्तुलावर शिकवलं होतं तसं.

नेम धरायचे कागद पुढे आले. माझा कागद कोरा. एक ओरखडासुद्धा नाही; घरी नेऊन त्यावर पत्र लिहिता आलं असतं. शेजारच्या डोरोथीच्या कागदावर मात्र तिने झाडलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं होती. अधिकाऱ्याने ती पुन्हा पुन्हा मोजली.

"मॅडम, हे कसं?"

"फॉर्म चांगला आहे आज," डोरोथी म्हणाली.

त्याने नियमांचं पान काढलं आणि वाचलं. चौघं हजर. चौघांची जुनी रिव्हॉल्वर. सगळ्या गोळ्या सुरक्षित झाडल्या. नेम लागलाच पाहिजे असं त्यात कुठे नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून पान पुन्हा वाचलं. तरी नव्हतं. रविवारची सकाळ राहिली. रत्नाने अधिकाऱ्याला आणखी एक पान दिलं.

मग तो फळ्याकडे गेला. हातात पुसायचं फडकं घेतलं आणि मला म्हणाला, "सर, इथे तुमचं नाव घालायचं ना? स्पेलिंग सांगा."

मी म्हणालो, "थांबा. इथे नाव घालायला नेम नको का लागायला?"

"तशी काही सक्ती नाही."

"माझ्या मनाला लागेल. माझी पहिली गोळी माझ्या कागदाला लागली की माझं नाव लिहा. तोपर्यंत आहे ते असू द्या."

त्याने डोरोथीकडे पाहिलं. डोरोथीने खांदे उडवले. त्याने फडकं खाली ठेवलं.

याला आता वर्ष होत आलं. मी एकही रविवार चुकवलेला नाही. नकुलला दर रविवारी फोन करतो, तो विचारतो, "हिट एनीथिंग?" मी म्हणतो, "नाही." कापूस घालावा लागत नाही, डोळेही आता उघडे राहतात, आणि उघडे राहिल्यापासून मला फार सांभाळून उभं राहावं लागतं. परवा एक गोळी माझ्या कागदाच्या अगदी काठाजवळून गेली. डोरोथीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"टिम," ती म्हणाली, "तू मुद्दाम डावीकडे मारतोस."

"वय झालं," मी म्हणालो, आणि पुढच्या वेळी आणखी थोडं डावीकडे धरलं.